वाचता येतील असे रंग

राजारामपुरी, कोल्हापूर
रविवार, सकाळ

प्रिय मोहित,

चैत्रात तू ऑफिसात आला होतास तेव्हा मला म्हणाला होतास, "मामा, वेबसाइटचे रंग निवडायचे कसे, एवढं तरी शिकव." मी फोन आल्यासारखं केलं आणि आतल्या खोलीत जाऊन उगाच उभा राहिलो. तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर लिहायला आज बसलोय. ते जरा लांबेल. कारखान्यात पाळीच्या सुट्टीत हे पाकीट फोडू नकोस. शिरोलीहून खोलीवर जा, हातपाय धू, काहीतरी खा आणि मग वाच.

आधी इकडची खबर. ऑफिसात आता मी एकटाच असतो. तुझ्या मामीच्या टेबलावर प्रिंटर ठेवलाय, पण तिची खुर्ची काही हलवलेली नाही. कामं येतात. गेल्या महिन्यात हंबीरराव म्हणून गुळाचे एक व्यापारी आले होते. घरचं गुऱ्हाळ, माल आता परदेशी पाठवायचा, म्हणून वेबसाइट हवी. बसल्या बसल्या त्यांनी खिशातून गुळाचा खडा काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "अक्षरं ह्या रंगाची पायजेत. मागं पांढरं शुभ्र. स्वच्छ माल, स्वच्छ पान." मी म्हटलं, वाचता यायचं नाही. "येतंय की! सोनं पांढऱ्यावर उठूनच दिसतंय." मी वाद घातला नाही. त्यांना हवं तसं एक पान केलं, त्यांच्याच मोबाइलवर उघडून दिलं आणि त्यांना खाली रस्त्यावर घेऊन गेलो. बाराचं ऊन होतं. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, हाताची सावली केली, चष्मा पुसला. मग म्हणाले, "आयला, कुठं गेलं की सगळं?" वर आल्यावर आम्ही अक्षरं गडद तपकिरी केली, जवळजवळ काळीच, आणि गुळाचा पिवळा वरच्या एका पट्टीत ठेवला. त्या पट्टीत काही लिहिलं नाही. हंबीरराव खूश. जाताना गुळाचा खडा मात्र परत खिशात घालून घेऊन गेले.

तर मोहित, रंग कुठला हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की अक्षर आणि त्याच्या मागची जमीन यांच्यात उजेडाचा फरक किती? हा फरक आकड्यात मोजता येतो. बारीक मजकूर असेल तर साडेचारास एक याच्या खाली कधी यायचं नाही. मोठ्या मथळ्याला तीन चालतात. गुळाचा पिवळा पांढऱ्यावर दोनसुद्धा भरत नाही. आजकाल फिकट करड्या अक्षरांची फार हौस आहे लोकांना. नव्या मोठ्या स्क्रीनवर, एसीत बसून बघताना ती नाजूक दिसतात, देखणी दिसतात. पण ते पान वाचणारा माणूस एसीत नसतो. तो एसटीत खिडकीशी बसलेला असतो, त्याच्या मोबाइलच्या काचेला तडा गेलेला असतो, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरत असतो. त्याला देखणेपणाचं काय? त्याला गाडीची वेळ वाचायची असते. म्हणून मी प्रत्येक पान आधी जुन्या फोटोसारखं काळंपांढरं करून बघतो. तसं करूनही सगळं नीट वाचता आलं, तर मग हवे ते रंग भरायचे. आणि एक गोष्ट कधी विसरायची नाही. नुसत्या रंगावर काही सोडायचं नाही. लाल म्हणजे चुकलं, हिरवं म्हणजे बरोबर, असं कधी करायचं नाही. शेजारी शब्द लिहायचा. फॉर्ममध्ये चुकीचा रकाना लाल केलास, तर खाली लिहायचं, काय चुकलं ते. लिंक निळी केलीस तरी तिच्याखाली रेघ ओढायची.

हे सगळं मी वाचून शिकलो असं लोकांना सांगत आलोय. नियम वाचलेच आहेत, ते खरं. पण रंगांचं काम माझं कधी नव्हतंच. ते तुझ्या भैरवीमामीचं. चित्रकलेची पदविका तिची, आणि नजर तर अशी की दुकानात दहा निळ्या साड्या टाकल्या तर ती दहांना दहा नावं द्यायची. आमची पद्धत ठरलेली होती. गिऱ्हाईक गेलं की ती माझ्या शेजारी येऊन बसायची. मी स्क्रीनवर रंग फिरवायचो आणि ती सांगायची, थांब, हा मोरपंखी, हा शेवाळी, हा वांगी, हा नको, हा मेलेला दिसतोय. तिनं नाव सांगायचं आणि मी वहीत त्या नावापुढं रंगाचा सहा अक्षरांचा क्रमांक लिहायचा. अशा चार वह्या झाल्या. गिऱ्हाइकं म्हणायची, वहिनींची नजर आणि साहेबांचा हात. मी हसायचो. तीन वर्षांपूर्वी थंडीत ती गेली. त्यानंतर मी त्या वह्यांवर दुकान चालवलंय. शेवाळी हवा असला की वही उघडायची, क्रमांक टाकायचा. स्क्रीनवर काय येतं ते मी बघायचो, पण ते बघणं म्हणजे न बघणंच.

गेल्या वर्षी श्रावणात काय झालं, ते कुणालाच सांगितलेलं नाही. शिरोळकडची काही पोरं महापुराच्या दिवसांत लोकांना मदत करतात. त्यांनी माझ्याकडून एक पान करून घेतलं होतं, कुठल्या गावाचा रस्ता चालू आहे आणि कुठला पाण्याखाली गेलाय, याचं. गावाच्या नावापुढं एक ठिपका. चालू तर हिरवा, बंद तर लाल. शेजारी शब्द लिहायची माझी सवय, म्हणून 'चालू' आणि 'बंद' असं लिहिलेलंही होतं. दोन्ही क्रमांक मी वहीतून उतरवले, पण घाईत एका जागी हिरव्याचा क्रमांक लालच्या जागी गेला. मी पान तीनदा तपासलं. मला काही वेगळं दिसलं नाही. सगळे ठिपके मला आधीही सारखे होते आणि नंतरही सारखेच. दुसऱ्या दिवशी सकाळी आकाराम नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला. पानाच्या तळाशी माझा नंबर होता. "पावणं, तुमी बंद लिवलंय आनि ठिपका हिरवा दिलाय. म्या ट्रॅक्टर घिऊन निघालोय, मागं बायामानसं हायत. कुनाचं खरं मानू? अक्षराचं का रंगाचं?" मी म्हटलं, अक्षराचं, अक्षराचं, माघारी फिरा. ते म्हणाले, "फिरलोयच की. पर एकाद्याला वाचाय येत न्हाय, त्यो काय करंल?" आणि फोन ठेवला. मी ठिपका बदलला. पोरांना सांगितलं, टाइप करताना चूक झाली. पोरं म्हणाली, "होतं काका, घाईत." त्या दिवशी मी जेवलो नाही.

तुला आता कळलंच असेल. मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत, मोहित. तपकिरीही त्यातच मिसळतो. जन्मापासूनच. सातवीत मी वडाच्या झाडाला तपकिरी पानं काढली तेव्हा चित्रकलेच्या सरांनी माझी वही वर्गभर फिरवली. "ह्याच्या घरची झाडं वाळल्यात वाटतं." चाळीस पोरं हसली. त्या दिवसापासून मी रंगाच्या वाटेला गेलो नाही, आणि घरीही बोललो नाही. शाळेचा गणवेश पांढरा आणि खाकी. बाकीचे कपडे ताई आणायची, तुझी आई. काही कळलं नाही तर आधी दुसऱ्याला बोलू द्यायचं, मग त्याच्या मागून आपण तेच बोलायचं, हे मला तेव्हापासून येतं. तुझ्या आईला कधी शंका आली नाही. तुझ्या मामीला मात्र लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात कळलं. तिच्या डाळिंबी साडीला मी हिरवी म्हटलं. ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग आपण दोघं मिळून काम करू." मी तिच्याकडून वचन घेतलं की हे आपल्या दोघांतच राहील. वेबसाइट करणाऱ्याला रंग दिसत नाहीत म्हटल्यावर कोण येणार होतं माझ्या दारात? तिनं ते वचन पाळलं. पण एका गोष्टीवरून ती माझ्याशी शेवटपर्यंत भांडली. ती गोष्ट तू होतास.

तू सात वर्षांचा होतास. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे आला होतास आणि रोज संध्याकाळी स्टेशनवर न्यावं लागायचं. आपल्या कोल्हापूरला रूळ संपतात, पुढं गाडी जातच नाही, याचं तुला फार आश्चर्य. "मग ड्रायव्हर घरी जातो का, मामा?" असं विचारायचास. एके दिवशी गाडी सुटायच्या आधी शेवटच्या डब्यापाशी गार्ड दोन झेंडे घेऊन उभा होता. तू माझा हात ओढलास आणि विचारलंस, "मामा, त्यांच्याकडं दोन सारखेच झेंडे कशाला?" मला ते कधीपासूनच सारखे दिसत होते. पण ते सारखे नाहीत हे मला माहीत होतं. तुला माहीत नव्हतं. मी तुझ्यासमोर उकिडवा बसलो आणि म्हटलं, एक लाल आहे आणि एक हिरवा, पण हे कुणाला विचारायचं नाही हं, हा आपल्या दोघांचा खेळ. दुसऱ्या दिवशी तुझ्या रंगीत खडूंच्या कागदावर छापलेली इंग्रजी नावं बघून मी तिथंच बॉलपेननं अक्षरं लिहून दिली, 'ला', 'हि', 'त'. अक्षर वाचून रंग भरायचा. रेल्वेच्या सिग्नलला खालचा दिवा लागला म्हणजे लाल, थांबायचं, वरचा हिरवा, हे पाठ करून घेतलं. तुला वाटलं, मामा गंमत शिकवतोय. तू इतका हुशार, की आठवड्यात सगळं शिकलास. मी तुला लपवायला शिकवलं, मोहित, आणि तुला हेसुद्धा कळू दिलं नाही की आपण काही लपवतोय.

झेंडे बघितले त्याच संध्याकाळी मी सांगितल्यावर मामी म्हणाली होती, "ताईंना सांगा. उद्याच्या उद्या." मी हो म्हटलं. सांगितलं असतं तर ताई तुला डॉक्टरकडे नेणार. डॉक्टर विचारणार, मामाला आहे का? म्हणून सांगितलं नाही. इतकं साधं आणि इतकं हलकं कारण. तू मोठा होत गेलास आणि मी स्वतःला म्हणत राहिलो, आपलं काय अडलं? त्याचंही अडणार नाही. मग डिप्लोमा झाल्यावर तू सांगायला आलास, की पुण्याच्या कारखान्यातली नोकरी नको, मला रेल्वेतच जायचंय, इंजिन चालवायचंय. घरात पेढे आणले होतेस. मामी तेव्हा आजारी होती, उशीला टेकून बसली होती. तू गेल्यावर ती म्हणाली, "आता तरी सांगा हो. पोराची वर्षं जातील." मी म्हटलं, परीक्षाच इतकी अवघड असते, लाखो पोरं बसतात, निघाला तर बघू. तू निघणार नाहीस यावर मी विसंबून होतो. असा तुझा मामा.

तू निघालास. अडीच वर्षं जयसिंगपूरच्या त्या पत्र्याच्या खोलीत बसून तू परीक्षा काढलीस, एक, दोन, तीन, सगळ्या. आणि माघात रेल्वेच्या दवाखान्यात त्यांनी तुझ्यासमोर रंगांची नजर तपासायचं ठिपक्यांचं पुस्तक धरलं. तू मला नंतर सांगितलंस, "मामा, त्यात आकडाच नव्हता. मला वाटलं डॉक्टर चेष्टा करतायत." इंजिनासाठी तुला नापास केलं होतं. मला ते पुस्तक माहीत आहे. मलाही त्यात आकडा दिसत नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी जयसिंगपूरला आलो होतो. तू आत खोलीत पडून होतास, म्हणून बाहेर काय झालं ते तुला कदाचित पूर्ण माहीत नसेल. तुझी आजी, तुझे बाबा, शेजारचे दोघे, सगळे बसले होते. आजी म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असलं कुणाला न्हाय. आईकडनं येतंय म्हणं हे." डॉक्टरांनी तसंच सांगितलेलं, की आईकडून मुलाला येतं, आईला स्वतःला काही होत नाही. दाजी जमिनीकडे बघत होते. तुझी आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आमच्यातसुद्धा कुणाला नाही हो, आई. अभीला विचारा की. तो तर दिवसभर रंगांतच असतो." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात कप होता. मी एक घोट घेतला आणि म्हणालो, नाही, आमच्यात कुणाला नाही. एवढंच बोललो. मग कोल्हापूरची गाडी पकडायची म्हणून उठलो. ताई फाटकापर्यंत आली होती. म्हणाली, "माझंच काहीतरी असंल बघ, अभी." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघालो.

आणि मग चैत्रात तू आलास. इस्त्री केलेला शर्ट, हातात फाइल. पाणी प्यायलास. म्हणालास, "मामा, तुझ्याकडं काम हाय का? पगाराचं नंतर बघू." मोबाइलवर शिकून तू मित्राच्या गॅरेजचं एक पान केलं होतंस, ते दाखवलंस. गडद निळ्यावर पांढरी अक्षरं, मोठी, मोकळी. गॅरेज उघडं की बंद ते शब्दात लिहिलेलं. कुणी न शिकवता. माझ्यासारख्याला पहिल्या नजरेत वाचता येईल असं पान फार कमी जण करतात, मोहित. ते पान चांगलं होतं. हे मी तेव्हा बोललो नाही. मी म्हणालो, "इथं रंगांचं काम असतं रे. तुला नाही जमायचं." तू माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला असतास तर आठ दिवसांत तुला कळलं असतं, की मी वहीतून क्रमांक उतरवतो. त्या भीतीनं बोललो. आकारामांच्या फोननंतर मी फार भित्रा झालो होतो. तू म्हणालास, "बरं, मामा." रंग निवडायचे कसे एवढं तरी शिकव म्हणालास, तर मी आत निघून गेलो. बाहेर आलो तेव्हा तू मामीच्या फोटोला नमस्कार करत होतास. पंधरा दिवसांनी ताईचा फोन आला की मोहित शिरोलीच्या फौंड्रीत लागला.

आता गेल्या गुरुवारचं. तुझ्या आईला जयसिंगपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की माहेरच्या पुरुषांत बघा, कुणाला तरी असेल. माझ्यावर तिला शंका नव्हतीच. मीच सर्वांसमोर सांगितलेलं. म्हणून ती एकटी, दोन एसट्या बदलून, आमच्या थोरल्या मामांना विचारायला चंदगडला गेली. मामांना आता ऐंशी होतील. तिनं विचारलं, तुम्हाला रंग नीट दिसतात का? ते म्हणाले, "दिसत्यात की." ती म्हणाली, मग काजूचं बोंड पिकलं हे कशावरून कळतं? तर म्हणाले, "हातानं दाबून बघायचं, पोरी. नुसतं डोळ्यानं कुणाला कळतंय?" आणि त्यांची बायको, आमच्या मामी, आतून हसत म्हणाल्या, मला कळतं की, लाल होतं ना ते! मामांना हे ऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. ताई दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवरून तडक माझ्या ऑफिसात आली, हातात काजूची पिशवी. आठ महिन्यांत तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. "सापडलं, अभी! आईच्या माहेरचं हाय हे. आईकडनं माझ्यात आलं असणार." ती बोलत सुटली. "डॉक्टर म्हणालेत, अशा आईच्या निम्म्या मुलांना असू शकतं, मी म्हटलं अभीला कसं असंल..." आणि ती थांबली. माझ्याकडे बघितलं. तिनं पदर पुढं घेतला आणि म्हणाली, "माझ्या साडीचा काठ कुठल्या रंगाचा आहे?" मी काठाकडे बघत राहिलो. मग म्हणालो, मला नाही सांगता येत, ताई. ती रागावली नाही. ती मोजत होती काहीतरी मनात. मग अगदी हळू विचारलं, "मोहितचं तुला कधीपासून माहीत होतं?" मी म्हटलं, तो सात वर्षांचा होता तेव्हापासून. तिनं काजूची पिशवी टेबलावर ठेवली. म्हणाली, "आठ महिने मी तोंड चुकवून हिंडले त्या घरात. आणि तू चहा पीत बसलास." मी तिच्या मागं जिना उतरलो, पण तिनं वळून न बघता रिक्षा थांबवली.

संध्याकाळी मी दाजींना फोन केला आणि सगळं सांगितलं, मला आहे, आमच्या मामांना आहे, मी त्या दिवशी तुमच्या घरात खोटं बोललो. दाजी "तिनं काय केलंय म्हणून तिला ऐकून घ्यावं लागलं?" असं म्हणाले, ते मला म्हणाले का स्वतःला, कळलं नाही. आमच्या आईला मी सांगतो, म्हणाले आणि फोन ठेवला.

तुझी मी माफी मागत नाहीये. मागायची कशी, ते कळत नाही. सातव्या वर्षी कळलं असतं तर तू वेगळी वाट धरली असतीस, आणि ती अडीच वर्षं तुझी राहिली असती. ती मी कुठून आणून देऊ? ऑफिसात काम देतो असंही आज लिहीत नाही. ते तुझ्या पानासाठी द्यायला हवं होतं, चैत्रातच. आता दिलं तर ते कशासाठी दिलं हे आपल्या दोघांनाही माहीत असणार.

काल सकाळी तुझ्या आईचा फोन आला. मला वाटलं, बोलेल, भांडेल. ती फक्त एवढंच म्हणाली, "मोहितला मी काही सांगणार नाही. ते तू सांगायचंस." मी म्हटलं, आत्ता जातो शिरोलीला. ती म्हणाली, "जाऊ नकोस. फोनही करू नकोस. त्याच्यासमोर तुला रडू येणार, आणि मग तो स्वतःचं सगळं बाजूला ठेवून तुलाच समजावत बसणार. तसाच आहे तो. त्याला एकट्याला राग येऊ दे. लिहून कळव." म्हणून हे पत्र. राजा, मला समजवायला येऊ नकोस.

तुझाच,
अभिराम मामा